एका गाण्याची चोरी, तळटिपेसह

सुलतानपूरला मास्तर असताना मी भुलाबाईच्या गाण्यांची स्पर्धा भरवली आणि एका बाईला गावादेखत चोर ठरवलं. चोरी झाली होती हे खरं. चोर तेवढा मी होतो.

ही गोष्ट मी इतकी वर्षं सुलतानपूरबाहेर कोणाला सांगितली नाही, आणि या आश्विनातही सांगितली नसती. बुलडाण्याला घराबाहेर ऊन असं पडलं होतं की अंगणात वाळत घातलेले उडीद तडतडून उडत होते. झेंडू फुलला होता, आणि समोरच्या गल्लीत पोरींनी टिपऱ्या काढल्या होत्या. भाद्रपदातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात मातीची भुलाबाई घरोघरी बसते, पोरीबाळी दिवेलागणीला तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि मग बंद डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. तो आवाज ऐकत मी बाजेवर पडलो होतो, आणि पोस्टमनने एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. भुलाबाईच्या गाण्यांचा संग्रह. मुखपृष्ठावर भुलाबाईचं नाव बारीक आणि संकलक विद्वानांचं नाव ठळक. असो, तेही सोडा. मी पानं चाळत गेलो आणि एका गाण्यापाशी थबकलो. खाली मुंगीएवढ्या अक्षरात तळटीप होती. हे मूळ लोकगीत नसून एका मासिकात छापून आलेल्या कवितेवरून बायकांच्या तोंडी रूढ झाले असावे, असं तिच्यात म्हटलेलं, आणि पुढे त्या कवीचं नाव. नाव माझं होतं. आडनावासकट, बिनचूक.

दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'असावे' म्हणजे काय? त्या एका शब्दाच्या आडोशाला उभं राहून या गृहस्थांनी चार-पाच गावांतल्या बायकांचे गळे कापले होते, आणि सुरी माझ्या नावाची वापरली होती. वरती कळस असा, की गाण्याचा 'मूळ पाठ' म्हणून त्यांनी माझीच कविता छापली होती, शेवटच्या कडव्यासकट. मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं. उलट टपाली पोस्टकार्ड आलं, की आपले म्हणणे रोचक आहे, लेखी पुरावा असल्यास पाठवावा.

लेखी पुरावा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या बाजूचा लेखी पुरावा.

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. जिल्हा परिषद नवी, शाळेच्या भिंतींचा चुना नवा आणि मीही नवाच. मी मूळचा संग्रामपूरकडचा, घरी मायशी 'मले भूक लागली' असं बोलणारा. पण मास्तरकीचं ट्रेनिंग घेऊन मी 'मला क्षुधा लागली' इथपर्यंत प्रगती केली होती. सुलतानपुरात मला खोली मिळाली ती गंगूबाईच्या घरामागे. तिच्या अंगणाच्या आणि माझ्या खोलीच्या मधे भिंत एकच, आणि तीही छातीएवढी. तिचा नवरा वावरात, दोन पोरी शाळेत, आणि ती गल्लीतल्या भुलाबाईची म्होरकी. गाणं ती उचलायची आणि बाकीच्या तिच्यामागून ओढायच्या. वय असेल तेव्हा पस्तिशीचं. उंच, हाडापेराने मोठी, बोलणं मोजकं.

पहिल्याच आश्विनात मला हिवताप भरला. आठ दिवस मी गोधडीखाली कुडकुडत होतो, कडू गोळ्या गिळत होतो, आणि रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून गाणं येत होतं. तापात काय आत गेलं आणि काय बाहेर राहिलं हे मला ठाऊक नाही. उठून बसायची ताकद आली तेव्हा एका सकाळी मी वही ओढली आणि एका बैठकीत कविता लिहून काढली. एक शब्द खोडावा लागला नाही. मला वाटलं, हीच ती प्रतिभा. आता वाटतं, खोडावं लागत नाही तिथेच माणसाने सावध व्हावं. ती कविता मी एका मासिकाकडे धाडली आणि त्यांनी ती छापली. तो अंक मी वर्षभर कापडी पिशवीत घालून हिंडलो. अंक आपसूक त्याच पानावर उघडायला शिकला होता.

पुढच्या आश्विनात माझ्या अंगात स्पर्धेचं वारं शिरलं. हेडमास्तरांना काहीतरी कार्यक्रम हवाच होता. मी शाळेच्या ओसरीवर फळा टेकवला आणि रंगीत खडूने लिहिलं: भुलाबाई-गीत स्पर्धा. गीत स्वरचित असावे. उसने घेतलेले गीत बाद. बक्षीस पितळेचा गडू.

आज तो नियम आठवला की कान तापतात. ज्या गावात रोज संध्याकाळी एका घरचं विरजण दुसऱ्या घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं तिसऱ्या घरी, जिथल्या एकाही दह्याचं मूळ घर कोणी सांगू शकणार नाही, त्या गावात मी बायकांना सांगत होतो की गाणं उसनं चालणार नाही. आणि सांगणारा कोण? जो सातवीच्या पोरांना फळ्यावर 'माझी शाळा' हा निबंध लिहून द्यायचा, तोही एका जुन्या गाइडातून उतरवलेला, आणि जो पोरगा तो शब्दाला शब्द टिपून आणेल त्याला दहापैकी आठ मार्क द्यायचा. वर शेरा, 'अक्षर सुवाच्य'.

फळा वाचून दाखवल्यावर बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. गावात बांगड्या भरणारी हमीदाचाची तिथेच टोपली घेऊन बसली होती. तिने विचारलं, "तो फिर हम क्या गाएँ, मास्टर? खाली हाथ हिलाएँ?" बायका खुसखुसल्या. मी हसलो नाही. मी नियमाचं महत्त्व समजावून सांगितलं.

स्पर्धा भर दुपारी, शाळेच्या पटांगणात. दोन-तीन गटांनी बिचाऱ्यांनी माझा नियम पाळायचा प्रयत्न केला आणि कुटुंब नियोजनावर आणि खतावर काहीबाही जुळवून म्हटलं. मग गंगूबाई उठली. पदर खोचला आणि कुठल्याही तयारीशिवाय सुरुवात केली:

भुलाबाई निघाली माहेरा, माहेरा,
वाटेत भेटली नदीबाई.
नदीबाई नदीबाई, वाट दे,
वाट देल्ली, वर ओंजळभर पानी.

पहिल्या ओळीला मी मान डोलावली. दुसऱ्या ओळीला मान थांबली. चौथ्या ओळीला मी उभा राहिलो, हात वर केला आणि गाणं बंद केलं. माझ्या कवितेत नदीबाईची सरिता होती आणि पाण्याचं जल होतं, पण बाकी सगळं माझंच. पिशवीतून अंक काढला, तो नेहमीप्रमाणे त्याच पानावर उघडला, आणि मी तो लोकांपुढे फडकावला. हे गीत मी स्वतः रचलेलं आहे, हे वर्षापूर्वीच छापून आलेलं आहे, आणि गंगूबाईंनी ते चोरलेलं आहे, असं मी म्हणालो. 'गंगूबाईंनी'. आदरार्थी बहुवचन वापरून चोर म्हणालो मी तिला.

गंगूबाई जागची हलली नाही. म्हणाली, "मास्तर, मले वाचता येत न्हाई."

इथे तरी मी खाली बसायला हवं होतं. शहाण्या माणसाला तेवढं पुरलं असतं. पण हातात छापील कागद असलेला माणूस शहाणा राहत नाही. मी म्हणालो, तुमच्या पोरींना येतं ना, त्यांनी वाचून दाखवलं असेल. 'असेल'. आज त्या विद्वानांच्या 'असावे'वर मी दात-ओठ खातो, पण त्या 'असावे'चा थोरला भाऊ सुलतानपूरच्या पटांगणात मीच जन्माला घातला होता.

तिने गडूकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर सोडला, एवढंच म्हणाली की हे गाणं तिने दुसरबीडहून आणलं, मावशीपासून. जाऊन विचारा. तोवर आपण तोंड उघडणार नाही. आणि ती घरी गेली.

पुढचे आठ-दहा दिवस तिने खरंच तोंड उघडलं नाही. बोलायची, पोरींना रागवायची, पण गाणं नाही. तुम्हाला वाटेल, एक बाई गायली नाही तर काय बिघडलं. माझ्या खोलीत बसून बघायला हवं होतं. संध्याकाळ व्हायची, जनावरं परतायची, चुलींचा धूर गल्लीवर पसरायचा, पोरी टिपऱ्या घेऊन तिच्या अंगणात जमायच्या. ती कोनाड्यातल्या भुलाबाईपुढे दिवा लावायची, झेंडू वाहायची आणि आत निघून जायची. म्होरकीशिवाय पोरी उचलणार कशा? थोडा वेळ नुसत्या टिपऱ्या वाजायच्या, काडीवर काडी, आणि मग त्याही थांबायच्या. गाण्याशिवाय खाऊ ओळखायचा नसतो, म्हणून डबा तसाच आत जायचा. चक्कीवर बायका दळण घेऊन उभ्या राहिल्या की तिच्या पोरींकडे बोट जायचं. तिची जाऊ तर मोठ्याने म्हणायची की आमच्या घरात आता छापील गाणी चोरतात म्हणे. कोजागिरीला भुलाबाई बोळवायची असते, गाणी म्हणून. ती मुकीच बोळवली तर चोरीचा शिक्का कायमचा बसणार, हे गंगूबाईला कळत होतं, जावेला कळत होतं, गल्लीला कळत होतं. मला एवढंच कळत होतं की आपला अपमान झालेला आहे.

म्हणून मी रविवारी एस.टी.त बसून दुसरबीडला गेलो. कबूल करतो, खरं शोधायला गेलो नव्हतो. तिची मावशी 'असं गाणं आमच्यात नाही' म्हणेल आणि ते मी हेडमास्तरांपुढे मांडीन, एवढा माझा बेत होता. खिडकीतून दोन्ही बाजूंना ज्वारी दिसत होती, जुनी गावरान, माणसाच्या डोक्यावर हातभर चढलेली, नुकती निसवलेली. कपाशीची पहिली बोंडं फुटत होती. मी मनात भाषणाची उजळणी करत होतो.

मावशी सडकेलगतच्या घराच्या ओट्यावर बसली होती. तोंडात दात नाही, डोळ्यांना कमी दिसतं. गंगूच्या गावचा मास्तर म्हटल्यावर तिने मला शेजारी बसवून घेतलं, चहा टाकायला सांगितलं, आणि मी गाण्याचं नाव काढायचा अवकाश, म्हणायलाच लागली. नदी आली. मग बाभूळ आली, तिने सावली दिली, वर डिंकाचा खडा. मग विहीर आली, मग बांगड्यावाली. माझ्या पिशवीत तो अंक होता. माझ्या कवितेतलं एकेक कडवं त्या बिनदाताच्या तोंडातून माझ्या क्रमाने बाहेर पडत होतं. किंवा तिच्या क्रमाने माझ्या वहीत गेलं होतं, असं म्हणू. गाणं संपेपर्यंत माझ्या कवितेतून मावशीचं वजा जाऊन हातात उरलं एक शेवटचं कडवं. तेवढं मात्र तिच्याकडे नव्हतं. ते माझं होतं.

मी घोटभर चहा प्यालो आणि विचारलं, हे कोणी रचलं.

मावशीला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, लेक सासरी जाते तेव्हा माहेरचं गाणं घेऊन जाते. तिथे गेली की वाटेत भेटणारं एक आपलं जोडायचं. तसंच म्हटलं तर भुलाबाई वाटेतच अडकते, ती माहेरी पोचत नाही. आणि तिने बोटांवर मोजत सांगितलं. बाभूळ रखमाची, ती शेंदुर्जनला दिली होती, तिथे वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच बाभळी. विहीर चंद्रीची. बांगड्यावाली गंगूची, सुलतानपुरात गेल्यावर तिने जोडली, कारण नवी नवरी असताना तिला माहेरच्या वाटेला लावून द्यायला एकटी हमीदाच आली होती, फाट्यापर्यंत. मागच्या वेळी गंगू आली तेव्हा ऐकवून गेली, म्हणून आता ती दुसरबीडलाही म्हणतात.

"आणि नदी?" मी विचारलं. "नदी कोणाची?"

"नदी कोनाची असंन बाबा," मावशी म्हणाली. "थे पयलेपासूनच व्हती."

परतीच्या एस.टी.त मला स्वतःचा राग येत होता, पण आता लिहिताना जो येतो तो वेगळा आहे आणि मोठा आहे. त्या पुस्तकात गाण्यामागून गाणं छापलंय आणि खाली 'रचयिता अज्ञात'. अज्ञात कोणाला? रखमाला चंद्री ठाऊक होती, चंद्रीला गंगू ठाऊक होती, मावशीला सगळ्या ठाऊक होत्या, गावांसकट, धुऱ्यावरच्या बाभळींसकट. एवढा चोख हवाला आमच्या एखाद्या ग्रंथात कोणी देऊन दाखवावा. आम्ही पन्नास पुस्तकांतून उचलतो, चार संदर्भ देतो आणि सेहेचाळीस गिळतो, आणि याला व्यासंग म्हणतो. बायका उचलतात ते उघड उचलतात, कोणाचं ते सांगून उचलतात, आणि वर आपलं घालून पुढे देतात. त्याला आम्ही 'रूढ झाले असावे' म्हणतो, जसं काही गाणं म्हणजे खरूज आहे, आपोआप पसरते. नावं विचारायला एक चहा पुरला असता. एवढ्या मोठ्या संग्रहात तेवढा एक चहा कोणी प्यालेला दिसत नाही.

आणि छापील कागदाची मिजास तर अशी की मी स्वतः जिवंत आहे, चोरी माझी आहे असं ओरडून सांगतोय, तरी माझ्यापेक्षा माझ्या जुन्या अंकावर त्यांचा भरवसा जास्त. चोराचा जबाब चालत नाही, मुद्देमाल चालतो.

त्या वर्षीच्या कोजागिरीला, ऊन कलल्यावर, मी गंगूबाईच्या अंगणात गेलो. पाच ज्वारीची धांडं बांधून भुलाबाईवर मखर उभं केलं होतं, भरघोस कणसं वर झुलत होती. आता संकरित ज्वारी आली, धांडं बुटकी झाली, भुलाबाईच्या माथ्याला कणसं टेकतात. तेव्हा त्या मखराखाली मीसुद्धा उभा राहिलो असतो. गल्लीतल्या सगळ्या होत्या, हमीदाचाची होती, जाऊ होती. मी सांगितलं की गाणं गंगूबाईचं आहे, तिच्या मावशीचं आहे, रखमाचं आणि चंद्रीचं आहे, ते मी तापात भिंतीपलीकडून ऐकलं आणि माझ्या नावावर छापलं. चोर मी. बोलताना माझं 'मला-तुला' कधी सुटलं आणि 'मले-तुले' कधी सुरू झालं ते कळलं नाही. जाऊ आत निघून गेली. गंगूबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. पोरींकडे वळून तेवढं म्हणाली, "म्हना गं." आणि तिने उचललं. दहा दिवस अडलेलं गाणं होतं ते. मी भिंतीला टेकून ऐकलं, या वेळी अलीकडून.

पुढे माझी बदली झाली. आणि आता ही तळटीप.

पोस्टकार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुस्तक काखोटीला मारून सुलतानपूर गाठलं. गंगूबाईचे केस पिकलेत, पण हाड तेच. अंगणात भुईमुगाच्या वेलांचा ढीग होता आणि ती शेंगा तोडत बसली होती. मी तिला तळटीप वाचून दाखवली, माझं चार पानी पत्र वाचून दाखवलं, पोस्टकार्ड वाचून दाखवलं. हमीदाचाची आता नाही, मावशी नाही, तेव्हा साक्ष द्यायला तूच उरलीस, अंगठा दे, मी तलाठ्यापुढे कागद करतो, मी यांना सोडत नाही, असं पुष्कळ बोललो. ती शेंगा तोडत होती.

मग म्हणाली, "तुमची कविता म्हना तं पुरी. तवा तुम्ही आमचं गानं बंद केलं, पन तुमचं काही ऐकवलंच न्हाई."

मी म्हटली. सरिता झाली, बाभूळ झाली, विहीर झाली, बांगड्यावाली झाली. तिची मान हलत होती. मग शेवटचं कडवं आलं, माझं:

भेटली अंती सांज विरहिणी,
नयनी तिच्या दाटले पाणी,
उभी एकटी क्षितिजावरी,
भुलाबाई चालली माहेरी.

तिने हात थांबवले. विचारलं, "मंग? सांजेनं तिले काय देल्लं?"

मी सांगितलं की सांज काही देत नाही, ती एक भावना आहे, एकटेपण आहे. विरह म्हणजे काय तेही सांगितलं, बऱ्यापैकी सविस्तर. तिने तेवढ्यात दोन वेल झाडून संपवले.

"मास्तर," ती म्हणाली, "गानं नेल्याचा राग तवाच गेला व्हता. पन एवढ्या साऱ्यायनं त्या लेकीले काही ना काही देल्लं, अन् तुम्ही वाटेत एक रडकी बाई उभी करून ठेवली. माहा अंगठा घ्या अन् त्या पुस्तकवाल्याले लिहून टाका, का बाबा, बाकी काही बी म्हन, पन थे शेवटचं कडवं आमचं न्हाई."